अण्णाचा लाकडी कंदील

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, जिवलग मित्राजवळ नाही, देवाजवळ तर मुळीच नाही — देवळात गेलो की मी घाईघाईनं भलतंच काहीतरी मागून बाहेर पडतो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि मराठीत लिहितोय. आमच्या घरात तेलुगू बोलतात, सोलापुरातल्या विणकरांच्या बहुतेक घरांत बोलतात तशी. पण मी मराठी शाळेत शिकलो. आणि खरं सांगायचं तर — माझ्या आईला, अम्माला, वाचता येत नाही. ती आत्ता पलीकडच्या खोलीत पडलीय. डोळे गेल्यात जमा आहेत, पण कान तिखट. मी काहीतरी लिहितोय हे तिला कळत असेल. काय लिहितोय ते कळायचं नाही. बघा, सुरुवातच अशी झाली — तिच्यापासून लपवून.

कंदिलापासून सुरू करतो. ते सोपं पडेल.

दिवाळीत घराबाहेर टांगायचा आकाशकंदील, पण कागद-काड्यांचा नव्हे. लाकडी, अख्खा सागवानी. माझ्या थोरल्या भावानं, अंबादासअण्णानं, केलेला. आमच्या वडिलांचा हातमाग होता. गल्लीत यंत्रमाग आले, हातमागाला कुणी विचारेना, तेव्हा वडिलांनी तो मोडून परसात ढीग घातला. अण्णानं त्यातल्या बऱ्या पट्ट्या निवडल्या, तासल्या आणि आठ कोनांचा कंदील केला. प्रत्येक बाजूला बारीक करवतीनं कोरलेला मोर, आतून रंगीत जिलेटिन. आणि खाली, लोक जिथं कागदी झिरमिळ्या लावतात तिथं, त्यानं वडिलांचा धोटा टांगला. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. वारा सुटला की तो कंदिलाच्या पायावर आपटायचा. टक्. टक्. वडील म्हणायचे, माग मोडला तरी बोलायचं काही सोडत नाही.

अण्णा पुढं भिवंडीला गेला, यंत्रमागावर. तिथं त्यानं लग्न केलं — करमाळ्याकडच्या पारूशी. ती आमच्या जातीची नव्हती, भाषेची नव्हती, आणि अण्णानं कुणाला विचारलंही नव्हतं. वडिलांनी त्याला उंबरा बंद केला. वडील वारले तेव्हा तो आला, पण स्मशानातूनच परस्पर स्टँडवर गेला. हट्टाच्या बाबतीत बापाचाच मुलगा. अम्मा मात्र दर दिवाळीला त्याचा कंदील वर चढवायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, अगं, आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून लावतात, जित्या पोराच्या नावानं लावू नये. अम्मा म्हणायची, वाट ती वाट, जित्यालाही दिसते.

मला तेव्हाही ते ऐकून कसंतरी व्हायचं.

अण्णा दिवाळीतच गेला. मी सत्ताविशीत होतो. त्या दिवाळीनंतर कंदील कधी लागला नाही. अम्मानं तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावला, आणि माझं लग्न, पोरं, नोकरी, निवृत्ती सगळं त्या माळ्याखाली झालं. विसरलो होतो का? नाही. पण न बघता राहायची सवय होते माणसाला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच ठाऊक.

यंदा दसऱ्याच्या आधी घरात फोन वाजला आणि माझ्या बायकोनं, पद्मानं, तो उचलला. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येतो तर ही हसतमुख. म्हणाली, अहो, भिवंडीच्या वहिनींचा फोन होता, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, मुलगा म्हणतो आजीला भेटल्याशिवाय पत्रिका छापायची नाही, मी सांगून टाकलं दिवाळीला या म्हणून. केस पुसता पुसता माझा हात थांबला. मग ती म्हणाली — आणि ते अजून माझ्या कानात आहे — "पण त्या असं का विचारत होत्या हो, की आत्याबाई मला दारात तरी उभं करतील का?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

अम्माला सांगितलं. तिनं माझ्या दिशेनं मान वळवली, म्हणाली, "माळ्यावरचा कंदील काढ. नीट कर. पारू येईल तेव्हा अण्णाचा कंदील बाहेर पाहिजे." मी म्हणालो, अम्मा, बाजारात चांगले मिळतात. ती म्हणाली, मिळू देत.

तर असा मी, साठीला टेकलेला माणूस, अंगणातल्या लिंबाखाली कंदील घेऊन बसलो. समोर बाजेवर अम्मा. चादर सोडली तेव्हा आतून जुन्या रॉकेलचा वास आला. हिरवा रंग पापुद्रे धरून सुटलेला, एका मोराची मान मोडलेली, जिलेटिनचा भुगा. धोटा मात्र जसाच्या तसा. त्याच्या टोप्या गंजल्या होत्या तेवढंच. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला लागलो. आवाज थांबला की अम्मा विचारायची, का थांबलास? मी मुद्दाम सावकाश काम करत होतो, हे कबूल करतो. दिवाळीच्या आत व्हायलाच नको, असं मला वाटत होतं. जणू कंदील झाला नाही तर वहिनी येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदिलाखालच्या पोत्यावर पिवळी पूड पडलेली दिसली. पिठासारखी मऊ. झटकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वरून बघाल तर लाकूड गुळगुळीत, शाबूत. कान लावला तर आत काहीतरी कुरतडत होतं. इतकी वर्षं बंद चादरीत, माळ्यावर, आणि आत कुणीतरी जिवंत होतं. मला घाम फुटला म्हटलं तर हसाल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण मला बहाणाही मिळाला. म्हणालो, अम्मा, याला भुंगा लागलाय, पोखरलंय सगळं, टाकून देऊ. ती म्हणाली, "हितं आण." कंदील मांडीवर घेऊन तिनं बोटाच्या पेरानं एकेक पट्टी वाजवून बघितली, मडकं वाजवतात तशी. सगळ्या पट्ट्या खणखणीत बोलल्या, एक तेवढी भदभदली. "एकच गेलीय," अम्मा म्हणाली. "तेवढी काढ, दुसरी बसव. एकीपायी सगळं कशाला टाकतोस?"

एकच गेलीय. मी ती पट्टी काढली. हातातच तिचे दोन तुकडे झाले.

आता ते सांगतो. थोडं थोडं सांगतो, एकदम जमणार नाही.

त्या वेळी मी टॉवेलच्या एका कारखान्यात कारकून होतो. मालक आमच्याच समाजातले, तालेवार. त्यांनी मला जावई करायचं ठरवलं होतं — होय, पद्मा त्यांचीच मुलगी. पक्कं करायच्या आधी त्यांनी मला समोर बसवून विचारलं होतं, घरात काही भानगड नाही ना? मी म्हणालो होतो, थोरला परगावी असतो. एवढंच. साखरपुडा पाडव्याला धरला होता.

दिवाळी तोंडावर आली होती. कारखान्याच्या ऑफिसातला फोन वाजला, मी उचलला. समोर मालक हिशेब बघत बसलेले. पलीकडून बाईचा आवाज आला. "भाऊजी, मी पारू बोलते. ह्यांस्नी लई बरं न्हाय हो. दवाखान्यात ठेवलंय. सारखं आईचं नाव घेत्यात. आत्याबाईंना घेऊन या की. लगोलग या."

मी काय म्हणालो असेन? "हां. हां. बरं." आणि फोन ठेवला. मालकांनी वर न बघता विचारलं, कुणाचा? मी म्हणालो, राँग नंबर. मालक हसले. म्हणाले, राँग नंबरलाही बरं म्हणतोस, भला माणूस आहेस.

मी घरी आलो. अम्मा अंगणात बसून हाच कंदील पुसत होती. रॉकेलचा बोळा घेऊन एकेक मोर. मला म्हणाली, बरं झालं लवकर आलास, दोरी ओढ. छपराला वासा बांधलेला, वाशाच्या टोकाला कप्पी, कप्पीतून दोरी. मी दोरी ओढली. कंदील वर गेला. अम्मा मान वर करून बघत राहिली, आणि मी तिच्या शेजारी उभा राहून बघितलं. एका वाक्याचं काम होतं. अम्मा, अण्णा आजारी आहे, चल. केवढं वाक्य आहे ते? पण ती पहिल्या गाडीनं निघाली असती. पाडव्याचा साखरपुडा मोडला असता, भिवंडीची सून मालकांना कळली असती. मी हे सगळं दोरी खुंटीला बांधता बांधता मोजलं. मला कळलं नव्हतं का, की अण्णा मरतोय? कळलं होतं. बाईच्या आवाजावरून कळतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुसरा फोन आला. त्याबद्दल नंतर सांगतो. सांगेन. जरा थांबा.

पाडव्याला सकाळी मी मालकांच्या घरी सतरंज्या आणायला गेलो होतो. ऑफिस घराला लागूनच होतं. फोन वाजत होता, कुणी उचलेना म्हणून मी आत गेलो. पारूवहिनीच होती, पण या वेळी रडत नव्हती. "गेले," म्हणाली. बस्स. मी फोन ठेवला, सतरंज्या खांद्यावर घेतल्या आणि घरी येऊन त्या अंथरल्या.

आमच्याकडे सुतक कानावर पडल्यापासून धरतात. लांबचं मरण आधी घडलेलं असो, जोवर कळलं नाही तोवर घर कोरडंच. त्या घरात फक्त माझ्या कानावर पडलं होतं. घरातली सगळी माणसं शुद्ध, आणि त्यांच्या मधोमध पाटावर नवं धोतर नेसून मी बसलो. पद्माच्या बोटात अंगठी घातली. माझ्या कपाळाला कुंकू लागलं, तोंडात पेढा आला. तो पेढा मी चावला आणि गिळला. बाहेर वारा होता. धोटा वाजत होता — टक्, टक् — आणि पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, काय हो, अजून हातमाग चालवता वाटतं? सगळे हसले. अम्माही हसली. त्या दिवशी अम्मा फार खुशीत होती.

पाहुणे गेल्यावर तिला सांगितलं. आत्ताच निरोप आला म्हणालो. आजारी होता ते त्यांनी आपल्याला कळवलंच नाही म्हणालो. तिकडं सगळं उरकलं, आता जाऊन उपयोग नाही म्हणालो. तिनं आरडाओरडा केला नाही. बाहेर गेली, खुंटीची दोरी स्वतः सोडली, कंदील खाली घेतला आणि विजेची वायर ओढून तोडली.

मग ती अंथरुणाला खिळली. मला म्हणाली, तू जा. त्या पोरीला घेऊन ये, बाळाला घेऊन ये. म्हणून मी एकटा भिवंडीला गेलो. एका खोलीचं घर. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर रांगतं पोर. तिनं माझ्या मागं दाराकडं बघितलं आणि विचारलं, आत्याबाई न्हाय आल्या? मी म्हणालो, नाही. अम्माचा निरोप माझ्या खिशात असल्यासारखा माझ्याजवळ होता. मी तो दिला नाही. परत येऊन अम्माला सांगितलं, ती इकडं यायला तयार नाही. तिला आपलं तोंड बघायचं नाही.

तर मी निरोप्या होतो, दोन्हीकडचा. इकडचं तिकडं पोचवलं नाही, तिकडचं इकडं पोचवलं नाही, आणि मधल्या जागेत मी संसार केला. अम्मा म्हणायची, करमाळ्याची पोर फार कठोर निघाली. मी ऐकून घ्यायचो. एवढी वर्षं ऐकून घेतलं.

आता परत अंगणात चला.

जुन्या पाटाची फळी कापून मी पोखरलेल्या पट्टीच्या जागी बसवली. मोराची मान गोंदानं चिकटवली, फटींत भुसा कालवून भरला. वरून व्हार्निश. जिलेटिनऐवजी पद्मानं जुन्या रेशमी लुगड्याचे तुकडे आतून लावून दिले. ती उत्साहात होती. वहिनींसाठी साडी, मुलासाठी कापड, दिवाळीचं फराळाचं — तिचं चाललेलं, आणि मधूनच विचारायची, अहो, वहिनींना काय आवडतं? मला काय ठाऊक? मी त्या बाईच्या आयुष्याचं वाटोळं केलं होतं, तिची आवडनिवड कुठून ठाऊक असणार? पण मी म्हणालो, कर काहीही.

कंदील सुंदर झाला. हे मला सांगायला लाज वाटते, पण झाला. बोट फिरवलं तर नवी पट्टी कुठली ते कळू नये असा.

वहिनी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी एकटीच आली; मुलगा भाऊबीजेला येणार होता. मी तिला फाटकात बघितलं. केस पांढरे, पाठ ताठ, हातात कापडी पिशवी. तिनं मला बघितलं. चपला बाहेर काढून, उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिली. आत येईना. पद्मानं हात धरून तिला आत आणलं. अम्मा बाजेवरून उठली, चाचपडत पुढं आली आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं हातांनी बघत राहिली. दोघी रडल्या. पद्माही रडली. मी कंदील धरून उभा होतो. वहिनीच्या चेहऱ्यावर रडण्याबरोबरच काहीतरी दुसरं येत होतं — आश्चर्य. एवढी माया? मग तेव्हा का नाही? ती विचारात पडली होती, आणि मला ते दिसत होतं.

सगळेजण अंगणात आलो. वासा बांधलेला, कप्पीला तेल दिलेलं. दोरीचं टोक माझ्या हातात. आणि अम्मानं, वहिनीच्या गालावर पुन्हा हात ठेवून, विचारलं. तेलुगूत नाही, मराठीत, तिला समजावं म्हणून.

"पारू, एवढा आजारी होता माझा पोरगा. मला एक निरोप धाडायचा की गं. मी अनवाणी आले असते की."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

आता तो दुसरा फोन.

लक्ष्मीपूजनाचा दिवस होता, मालक आतल्या खोलीत पूजेची मांडामांड करत होते. ती म्हणाली, भाऊजी, कधी निघताय? ते दाराकडं डोळं लावून बसल्यात. मी आवाज बारीक केला. म्हणालो, अम्मा येत नाही म्हणते. पलीकडं शांत. मला वाटलं, एवढ्यानं भागायचं नाही, ही पुन्हा फोन करील. म्हणून मी आणखी जोडलं — म्हणालो, त्याचं नाव काढू नका म्हणते. मग तिनं विचारलं, अगदी हळू, जसं कुणी औषध किती द्यायचं ते विचारावं तसं —

"असंच सांगू का त्यांना?"

आणि मी म्हणालो, "सांगा."

हे आहे ते. फोन लपवला हे नव्हे, सुतकात पाटावर बसलो हेही नव्हे. सांगा. दोन अक्षरं. तिला थांबवता आलं असतं. नका सांगू म्हणता आलं असतं, वाट बघू दे त्याला, निदान आशेवर जाऊ दे. मी म्हणालो, सांगा. आणि ती सरळ बाई होती, दिराचा शब्द खाली पडू न देणारी. तिनं जाऊन सांगितलं असणार. मरणाऱ्या माणसाच्या कानाशी वाकून सांगितलं असणार, की तुमची आई येत नाही म्हणते. त्यानंतर तो एक रात्र होता. त्या रात्री त्याच्या डोक्यात काय होतं? आणि इकडं अम्मा त्याच्या कंदिलाकडं बघत ओट्यावर बसली होती.

तर अंगणात, दोरी हातात धरून, मी वहिनीकडं बघितलं. तिला सगळं समजलेलं होतं. मी बघितलं ते समजताना. अम्माचा प्रश्न, तिच्या हातांची माया, आणि माझा चेहरा — एवढ्यावरून तिनं जोडलं. एवढी वर्षं ती ज्या म्हातारीला दगडाच्या काळजाची समजत होती, ती तिच्यासमोर रडत उभी होती. मला वाटलं, आता. आता बोलेल. आणि देवाशपथ, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

वहिनीनं मान खाली घातली. म्हणाली, "चुकलं माझं, आत्याबाई. त्या घाईत सुचलंच न्हाय."

अम्माचा हात तिच्या गालावर होता. तो तिथं थोडा वेळ राहिला आणि मग खाली आला. मी तो हात खाली येताना बघितला. अम्माच्या तोंडावरची माया आटत गेली, तिथं जुना राग परत आला, आणि त्या रागाला आता पुरावा मिळाला होता. "सुचलं न्हाय," अम्मा म्हणाली. "माझा पोरगा मला न भेटवता घालवलास, आणि सुचलं न्हाय म्हणतीस." वहिनीनं उभं राहून सगळं ऐकून घेतलं. पद्मानं माझ्याकडं बघितलं — अहो, काहीतरी बोला की. आणि मी? मी तिथं होतो. माझी जीभ तोंडातच होती. अम्मा म्हणाली, "ओढ रे दोरी." मी दोरी ओढली.

कंदील वर गेला. दिवा लागला. धोटा वाजायला लागला.

वहिनी भाऊबीजेपर्यंत थांबणार होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. मी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलो. मला वाटतं, मी काहीतरी पुटपुटलो. तिनं माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाय बोलले मी. त्यांचं एकच पोरगं उरलंय, म्हणून." आणि रिक्षात बसली. माझ्याकडं तिनं परत बघितलं नाही.

अम्मानं लग्नाचा विषय काढू दिला नाही. पद्मानं समजावलं, शेजारणीनं समजावलं, नातू तुमचाच आहे ना, त्याचा काय दोष. अम्मा म्हणाली, ज्या घरानं माझ्या पोराची खबर मला दिली नाही, त्या घरच्या मांडवात मी पाऊल ठेवायची नाही. मी जवळच बसलो होतो. तिला सांगता आलं असतं. तेव्हाही एका वाक्याचंच काम होतं. मी पानाला चुना लावत बसलो.

लग्नाच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. या वेळी मीच उचलला. तिनं माझं नाव घेतलं नाही, भाऊजी म्हणाली नाही. सरळ विचारलं, "आत्याबाई येत्यात का? पोरगं विचारतंय."

पलीकडच्या खोलीत अम्मा जागी होती. मी रिसिव्हर धरून उभा राहिलो. मग म्हणालो, "अम्मा येत नाही म्हणते."

"बरं," ती म्हणाली. "सांगते त्याला."

या खेपेला ते खरं होतं.